तिथीची पाऊणपट

वहिनींची परात परत द्यायला म्हणून मी मागच्या दाराने त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तेव्हा आत कोणी नव्हतं. चुलीवर पेज रटरटत होती, विळीखालच्या ताटात ओल्या खोबऱ्याचा ढीग तसाच पडला होता, आणि खिडकीतून आगरातला सकाळचा ओला गारवा आत येत होता. परात फडताळात ठेवून वळले तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. डिसेंबरच्या पानावर दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवसाला निळ्या पेनाने गोल केला होता, आणि गोलाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भरती १२.४५'. त्याच खिळ्याला वहीचा एक कागद टोचलेला. वर 'गुहागर–हेदवी' आणि खाली बारा नावं. थोरले भाऊजी, वहिनी, पुतण्या, त्याची बायको, दोन मुलं, माहेरपणाला येणारी पुतणी, जावई, पुण्याच्या नणंदबाई, असं करत करत शेवटी ह्यांचं नाव. मग एक रेघ. रेघेखाली 'घरी' असं लिहून तीन ओळी: गाईचं वैरणपाणी, मांजराचं दूध, आगराचं शिंपण. तिन्ही ओळींना मिळून एक कंस, आणि कंसाच्या टोकाला माझं नाव.

खरं सांगायचं तर आधी मला हायसं वाटलं. चला, आता पंधरा दिवस आधीपासून 'त्या दिवशी कान बरा असेल ना' हा घोर नको. गाडीत कुठे बसायचं, उलटी झाली तर पिशवी कुठल्या खिशात ठेवायची, फेरीबोटीसाठी थांबताना धोपाव्याच्या धक्क्यावर आडवं व्हायला जागा मिळेल का, यातलं काही मनात आणायला नको. गाय, मांजर, पोफळी. यांच्यातलं कोणी माझ्यापायी खोळंबून राहणार नाही. आमच्या दोन घरांच्या मधे शंभरेक पावलांची पाणंद आहे. ते हायसं वाटणं त्या पाणंदीच्या निम्म्यापर्यंत टिकलं. बेड्याशी, म्हणजे आमच्या फाटकाशी, पोचले आणि घशात आवंढा आला.

मला कोणी विचारलंच नव्हतं.

हे दुखणं माझ्याकडे आलं २०१९ च्या एप्रिलअखेरीला. रातांब्याचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, दिवस होते. फोडलेली सालं रसातून काढून खळ्यात वाळत घालायची होती, म्हणून सूप घेऊन मी वाकले आणि खळं उजवीकडून उचललं गेलं. भोवळ येते तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते, एवढं मला माहीत होतं. हे तसलं नव्हतं. सगळं लख्ख दिसत होतं आणि सगळं पळत होतं. मांडवाचे खांब, माड, तुळशीवृंदावन एकामागून एक डावीकडे जायचे आणि पुन्हा उजवीकडून यायचे. मी जमिनीला दोन्ही हातांनी धरून पडले होते. जमीन धरून ठेवावी लागते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माजघरात आणून निजवलं तर समोर खुंटी होती. तिच्यावर नजर रोखली की खुंटी निसटायची, परत जागेवर यायची, परत निसटायची. माझे डोळेच झटके देत होते, हे पुष्कळ नंतर समजलं. डाव्या कानाला विमानात किंवा घाटात बसतात तसे दडे बसले होते, आणि त्या दड्यांच्या आत कोणीतरी पिठाची गिरणी चालू करून ठेवल्यासारखी घरघर. चार तास. त्या चार तासांत सुंठ झाली, लिंबू झालं, सासूबाईंनी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. त्यांचा थरथरता हात माझ्या तोंडावरून उतरत होता तेवढाच काय तो आधार वाटत होता.

आधी सगळ्यांनी पित्त ठरवलं. मग एका दवाखान्यात मानेचा मणका ठरला आणि मी तीन महिने गळ्यात पट्टा घालून वावरले. पुढे एका कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या बंद खोलीत बसवून तपासणी केली: कानात बारीक टूं वाजलं की बटण दाबायचं. चिमणीसारखे बारीक आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू येत होते, पण जाड, खालच्या पट्टीतले आवाज डाव्या कानापर्यंत पोचतच नव्हते. आलेखाची रेघ डाव्या टोकाला खड्ड्यात आणि पुढे चढत गेलेली. आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, मेनिएर. आतल्या कानातल्या नळ्यांमध्ये एक पाणी असतं, त्याचा फुगारा वाढला की तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला खोटी खबर द्यायला लागते. तो फुगारा का वाढतो, हे अजून नक्की कळलेलं नाही. झटका वीस मिनिटांत ओसरेल नाही तर बारा तास चालेल. महिन्यात तीनदा येईल नाही तर वर्षभर येणार नाही. मेनिएर हे पॅरिसचे डॉक्टर, मूकबधिरांच्या संस्थेत काम करणारे. असली चक्कर कानातून येते, मेंदूच्या बिघाडातून नाही, हे त्यांनी १८६१ मध्ये मांडलं. त्याआधी मेंदूत रक्त साकळलं असं समजून असल्या रोग्यांचं रक्त काढत असत. त्या काळात माझ्यासारख्या बाया घराघरात कशा पडून राहिल्या असतील, हा विचार मी पुष्कळदा करते.

आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, पण गाज ऐकू येते. लग्न होऊन आले तेव्हा रात्र रात्र झोप लागायची नाही त्या आवाजाने. नंतर त्याच्याशिवाय लागेनाशी झाली. आता डाव्या कानाला बाहेरची गाज ऐकू येत नाही. जाड आवाज ना तो, तो त्या खड्ड्यात जातो. उजवा कान उशीवर टेकला की बाहेरचा समुद्र एकदम बंद. आणि मग आतली घरघर सुरू होते, अगदी गाजेसारखीच, फक्त तिच्यात लाट येऊन फुटून मागे जाण्याची विश्रांती नाही.

समुद्राचं गणित मला सासऱ्यांनी शिकवलं. आंजर्ल्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडे जायचं ते होडीने, आणि पाणी किती आहे हे घरातून निघतानाच माहीत असावं लागे. पडवीत सुपारी सोलता सोलता ते विचारायचे, "आज तिथी कुठली?" तृतीया म्हटलं की म्हणायचे, "तिनाची पाऊणपट?" सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, आणि तीही भांगाची, पाणी फार न चढणारी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला, उधाणाची. थोडा पुढेमागे फरक पडतो, पण होडी चुकेल एवढा नाही. एवढा मोठा समुद्र तीन-चतुर्थांशाच्या पाढ्यात बसतो याचं मला तेव्हा भारी नवल वाटे. वहिनींनी कॅलेंडरवर लिहिलेले १२.४५ याच हिशेबातले: वद्य प्रतिपदा, एकाची पाऊणपट. हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीलाच गेलं पाहिजे. खडकातली ती अरुंद चीर, लाट आत शिरते आणि कोंडलं पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलं तर नुसता खडक.

मला वाटलं होतं, दुखण्याचंही असंच काहीतरी गणित असेल, फक्त मला अजून सापडलेलं नाही. एक दोनशे पानी वही केली. रोज रात्री रकाने भरायचे: तिथी, झोप, चहा किती, मीठ किती, दगदग, मळभ आहे की ऊन. वैशाख ते वैशाख. अकरा झटके नोंदले गेले. पाच पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, सहा मधल्याच कुठल्या तरी तिथीला. चार जागरणानंतर, पण तीन चांगली आठ तास झोप झालेल्या सकाळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्याचीसुद्धा दोन दिवस आधी खबर होती, किनाऱ्यावरची घरं रिकामी करायला लोक सांगत फिरत होते. दुपारभर पोफळी कडाकड मोडत होत्या, कौलं पत्त्यांसारखी उडत होती, आणि मी सासूबाईंना पोटाशी धरून माजघराच्या कोपऱ्यात बसले होते. त्या दिवशी कान गप्प. पुढचे सात दिवस मोडलेलं आगर उपसलं, ताडपत्र्या बांधल्या, तेव्हाही गप्प. आठव्या दिवशी सकाळी, उघडीप पडलेली, मी निवांत पायरीवर बसून चहा घेत होते, आणि कप हातातून गेला. त्या दिवसाच्या रकान्यात काय लिहू हे मला सुचलं नाही. तो रकाना अजून रिकामा आहे. वैशाख संपल्यावर वही मी माळ्यावर टाकली.

मिठाचं मात्र पाळते. दिवसाला सोडियम दीड-दोन हजार मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय, आणि चहाचा एक चमचा मिठातच ते साधारण २,३०० असतं. कोकणातल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते कोकणातली बाईच जाणे. सुकट गेली, खारातली मिरची गेली, पापड गेले, लोणच्याची फोड गेली. आणि मी तर आमसुलं विकते. सालांना रसाची पुटं देताना मीठ किती झालं ते बोटाच्या टोकावरच कळतं, वजनकाट्यावर कळत नाही. रातांब्याची जातच अशी की दोन झाडांचा रस सारखा आंबट नसतो. म्हणून गेली काही वर्षं चव बघायला वहिनी येतात. पाणंदीतून हाक मारली की पदर खोचून येतात, बोट बुडवतात, डोळे मिटून घेतात आणि सांगतात, "मूठभर घाल अजून," किंवा, "झालं, हात लावू नकोस." त्यांच्या जिभेवर माझा धंदा चाललाय. धंद्यात मी एक रीतही बदलली. पूर्वी मार्चपासून मुंबईच्या ऑर्डरी घेऊन ठेवायचे. आता माल वाळून डब्यात भरेपर्यंत कोणाला शब्द देत नाही. आधी आमसुलं, मग शब्द. गिऱ्हाईक थांबतं. त्यांना आमसुलं हवी असतात, मी त्यांच्यासाठी कधी उन्हात बसले याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

माणसांच्या बाबतीत हे उलट करता येत नाही, आणि मी नेमकं तेच करायला गेले, असं आता वाटतं. कोणी काही ठरवायला आलं की माझं उत्तर तयार: "बघू." बारशाला येणार ना? बघू. मंगळागौरीला? जमलं तर. आधी आधी त्या 'बघू'त खरंच येण्याची इच्छा असायची. मग दोनदा-तीनदा ऐन वेळी नाही म्हणावं लागलं, एकदा साखरपुड्याची साडी नेसून तयार असताना तशीच साडीसकट आडवी झाले, तेव्हापासून मी आधीच नाही म्हणायला लागले. आधी नाही म्हटलं की कोणाचं ताट वाया जात नाही. गाडीतली जागा रिकामी जात नाही. आणि मुख्य म्हणजे ते तोंड बघावं लागत नाही, "असू दे, असू दे, तू पड" म्हणणारं, आणि म्हणता म्हणता घड्याळाकडे वळणारं. वाटेत कुठे झटका आलाच तर परक्या माणसांसमोर काय दिसतं हेही मला ठाऊक आहे. एकदा दापोलीच्या स्टँडवर मी खांबाला धरून उभी असताना दोन बायका पदर नाकाला लावून बाजूला झाल्या होत्या. भरदुपारी दारू प्यायल्यासारखी बाई. अंगावरची ताप-जखम दिसते, तोल गेलेला दिसतो तो असा दिसतो.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "वहिनींकडची यादी बघितली." हे म्हणाले, "कसली?" मग म्हणाले, "तुला विचारलं असेल असं धरून चाललो मी." मग थोडा वेळ गप्प बसून, "मी थांबतो तर घरी." त्यांनी मनापासून म्हटलं आणि मला आणखीनच कसंतरी झालं. माझ्यासाठी कोणीतरी थांबावं हे मला नकोच होतं. रात्री उजव्या कुशीवर झोपले. आतली घरघर. त्यातच विचार करत राहिले, की मला जायचं आहे का? गुहागरला व्याडेश्वराच्या देवळातल्या गार फरशीवर अनवाणी चालायचं, फेरीबोटीवर गाडीतून उतरून कठड्याला टेकायचं, वाशिष्ठीच्या मुखाशी वारा तोंडावर घ्यायचा, यातलं काही एक मनात आणायचं मी किती वर्षांत धाडस केलेलं नाही. होय, मला जायचं होतं. एवढं कबूल करायला पहाट झाली.

सकाळी गेले. वहिनी चुलीपुढे घावन घालत होत्या. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "वहिनी, हेदवीला मला विचारलं नाहीत तुम्ही." त्यांनी तव्यावरचा घावन सावकाश सोडवला, घडी करून ताटात ठेवला. म्हणाल्या, "तुला त्रास नको म्हणून." मी म्हटलं, "त्रास माझा आहे ना. मी नाही म्हणेन, नाही तर हो म्हणून ऐन वेळी पडेन. पण विचारा तरी." मला वाटलं त्या 'चुकलं गं' म्हणतील. त्यांनी दुसरं पीठ ओतलं, झाकण ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात तुला झालं तेव्हा मी चार तास तुझ्याजवळ बसले होते. आठवतं?"

आठवत होतं. कार्यालयाची ती मागची खोली, सतरंज्यांच्या वळकट्या, आणि माझ्या कपाळावरचा त्यांचा ओला रुमाल.

"पोरीची पाठवणी बघितली नाही मी," त्या म्हणाल्या. "तुला कधी बोलले नाही. बोलायचंही नव्हतं. गाडी गेल्याचा आवाज आला तेवढाच." झाकणाखालून वाफ यायला लागली होती. "त्या घळीतलं पाणी मला एकदा डोळे भरून बघायचंय. लग्नाआधी बघितलं होतं वडलांबरोबर. म्हणून लिहिलं नाही तुझं नाव. नुसतं तुझ्या त्रासासाठी नाही."

इतकी वर्षं मी माझ्या ठरवून मोडलेल्या दिवसांचा हिशेब ठेवत होते, रकाने पाडून. त्या वहीत वहिनींच्या लेकीची पाठवणी नव्हती. त्या दिवसाच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'जागरण, जेवणात लोणचं (चुकून), चार तास.' मी तिथेच उंबऱ्यावर बसले. किती वेळ कोणी काही बोललं नाही. घावन करपला. वहिनींनी तो बाजूला काढला, गाईला घालायच्या टोपलीत टाकला, नवीन पीठ ओतलं. मग मी म्हटलं ते आधी ठरवून म्हटलेलं नव्हतं: "मला वाटेत झालं तर गाडीत आडवी करायची, काचा खाली करायच्या, गोळी माझी मी जिभेखाली धरीन. आणि कोणी थांबायचं नाही. ड्रायव्हर असतोच गाडीपाशी. तुम्ही पाण्याकडे जायचं. हे कबूल असेल तर मी येते म्हणते." त्या म्हणाल्या, "आणि मला जाववलं नाही तर?" मी म्हटलं, "जायचं. मी तुम्हाला ओरडेन." त्यावर त्या हसल्या, आणि पदराने डोळे पुसले, ते धुराने आले होते की कशाने, मी विचारलं नाही. शिंपणाला शेजारच्या वाडीतल्या पोराला सांगायचं ठरलं. कागदावर तेरावं नाव त्यांनी माझ्यासमोर घातलं, हात पिठाचे होते म्हणून कागदाला पिठाचं बोट लागलं.

आता परवावर आलंय. काल रात्रीपासून डाव्या कानात थोडं भरल्यासारखं वाटतंय. त्याचा काही अर्थ असेल, नाही तर नसेल. असं भरून येऊन चार दिवसांनी मुकाट्याने ओसरल्याचंही त्या वहीत सात वेळा आहे. पिशवीत गोळ्या, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, आल्याच्या वड्या, पाण्याची बाटली आणि एक पातळ चादर भरून ठेवली आहे. ह्यांनी ड्रायव्हरच्या शेजारची जागा माझी म्हणून सांगितली आहे, समोरचा रस्ता दिसत राहिला की मला बरं असतं म्हणून. दुपारी पाणंदीतून हाक आली. उजव्या कानाने ऐकली, पण उजव्या कानाला एकट्याला हाक कुठल्या बाजूने आली ते कळत नाही, म्हणून मी आधी विहिरीकडे बघितलं, मग बेड्याकडे. वहिनी पलीकडे उभ्या होत्या, कणकेचे हात पुढे धरून.

"तिखटमिठाच्या पुऱ्या करत्ये उद्या रात्री," त्या ओरडून म्हणाल्या. "तुझ्या मीठ न घालता वेगळ्या लाटणार आहे. डबाही वेगळा बांधत्ये. आलीस तर गाडीत खा, नाही आलीस तर घरी खा."